डावीकडचं तू बघ

आमच्या सहलीचं नाव ‘दोन तासांत पाच पॉइंट’. प्रत्यक्षात अडीच तास लागतात आणि पाचवा पॉइंट बराचसा चौथ्यासारखाच दिसतो, पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बंदराच्या चौकातून साडेतीनला बावीस सीटची छोटी बस निघते, समुद्राच्या कडेकडेने डोंगर चढते, पाच ठिकाणी थांबते आणि सहाच्या सुमारास डोंगरावरच्या वस्तीतून खाली उतरते. माईक माझ्या हातात असतो आणि स्टिअरिंग माझ्या नवऱ्याच्या. घरी मी त्यांना ‘अहो’ म्हणते, कामावर सगळ्यांसारखं ‘कॅप्टन’. चोवीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा आला नाही म्हणून मालकांनीच ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आता दूधवालाही कॅप्टन म्हणूनच हाक मारतो.

या कॅप्टनना गेल्या दोन महिन्यांपासून डावीकडचं दिसत नव्हतं.

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याने समोरचं आणि उजवीकडचं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी फक्त उरलेलं टिकेल. आणि गाडी बंद, आजपासून. कॅप्टननी इतक्या आज्ञाधारकपणे मान हलवली की मला तिथेच कळलं, हा माणूस ऐकणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, “सीझन संपेपर्यंत. डावीकडचं तू बघ, समोरचं मी बघतो.”

नाही म्हणता येत नाही अशी मी बाई नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यात मी त्यांच्या भावाच्या भागीदारीला नाही म्हटलंय, कुत्रा पाळायला नाही म्हटलंय, तीन वेळा सोफ्याला नाही म्हटलंय. पण त्या दिवशी ते डाव्या पायाने पायरी चाचपत होते. शाळकरी पोराने पाण्यात पाय घालून बघावं तसे. आणि मी म्हटलं, “बरं.”

तेवढं एक ‘बरं’ आम्हाला पुरलं. मालक वाईट माणूस नाहीत, त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी कॅप्टनना बुकिंगच्या खिडकीत बसवलं असतं. पण खिडकीत बसून तिकिटं फाडणाऱ्या माणसाला कॅप्टन कोण म्हणणार? तर झाकली मूठ सव्वा लाखाची. मालकांना सांगायचं नाही, शेजारीपाजारी सांगायचं नाही, पोरीलाही सांगायचं नाही, असं ठरलं. आणि आम्ही आमची एक पद्धत बसवली. दाराजवळ, माझ्या उभं राहण्याच्या जागी, एक लोखंडी दांडा आहे. त्यावर मी बोटातली अंगठी वाजवायची. एकदा वाजली तर डावीकडे मोकळं आहे, जा. दोनदा वाजली तर डावीकडे काहीतरी आहे, आत घेऊ नका. इंजिनाच्या आवाजातही तो टणत्कार कॅप्टनना बरोबर ऐकू जायचा. प्रवाशांना वाटायचं बाईला चाळा आहे.

दोन महिने हे चाललं. मी डोळ्यांत तेल घालून डावीकडे बघत होते आणि तोंडाने दीपगृहाचा इतिहास सांगत होते. माणसाला कशाचीही सवय होते. चुकीच्या गोष्टीची तर जरा लवकरच होते.

त्या दिवशी एकवीस माणसं होती. अगदी मागची एक सीट रिकामी. पहिल्याच सीटवर एक निवृत्त शिक्षक बसले. आपण शिक्षक होतो हे त्यांनी चढता चढताच सांगितलं आणि बसल्या बसल्या वही काढली. मनातल्या मनात मी त्यांचं नाव गुरुजी ठेवलं. त्यांच्या मागे एक बाई आणि तिची सहाएक वर्षांची मुलगी. मुलीच्या डोक्यावर पिवळी टोपी होती आणि ती तिला दोन वर्षं तरी मोठी होती. बाकी नेहमीचे. नवी जोडपी, एक मोठं कुटुंब, एकमेकींचे फोटो काढणाऱ्या चार मैत्रिणी.

चौक सोडला तोच गुरुजींनी पहिली तक्रार केली. माहिती सांगताना श्रोत्यांकडे तोंड असावं, असं ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. सगळे गाइड काचेला पाठ करून, प्रवाशांकडे तोंड करून उभे राहतात, मीही वीस वर्षं तशीच उभी राहिले. आता मी दाराला खेटून, तिरकी, एक डोळा रस्त्यावर ठेवून उभी राहायचे. मी त्यांना सांगितलं की माझी मान आखडली आहे. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पहिला पॉइंट बंदराचाच, रस्ता रुंद, त्यात काही जोखीम नाही. खरी परीक्षा दुसऱ्यापासून. तिथून रस्ता अरुंद होतो. उजवीकडे डोंगर, डावीकडे गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्याच्या पलीकडे एकदम खाली समुद्र. प्रवासी त्या बाजूला झुकून अहाहा म्हणतात. मी पण पूर्वी म्हणायचे.

मी दीपगृहाची उंची सांगितली, चाळीस मीटर. गुरुजींनी माझी बाही ओढली. माहितीपत्रकात अडतीस छापलंय, ते म्हणाले, मग खरं काय? मी म्हटलं असेल अडतीस. ते म्हणाले, असेल म्हणजे काय, बाई, इकडे बघून सांगा, आहे की नाही? आणि मी वळून बघितलं. किती वेळ? ‘अडतीस, तुमचं बरोबर’ एवढं म्हणायला लागतो तेवढा.

पुन्हा रस्त्याकडे बघितलं तर एक सायकलवाला आमच्या डाव्या आरशाला टेकलेला होता. टेकलेला म्हणजे आरशाची कड त्याच्या खांद्याला घासत होती. त्याने एक पाय कठड्यावर टाकला, सायकल तिरकी केली आणि तो तसाच, एका पायावर, मागे राहिला. मी दोनदा अंगठी वाजवली तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. त्याने आम्हाला काय शिव्या दिल्या ते बंद काचांमधून ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं. माझ्या पाचावर धारण बसली. तोंडाने मी दीपगृहाचंच सांगत होते.

दुसऱ्या पॉइंटला सगळे उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, “मघाशी काय होतं?”

मी म्हटलं, फांदी होती.

“त्या वळणावर झाड नाही,” ते म्हणाले.

चोवीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला फांदी सांगायला गेले, मलाच माझी कीव आली. मग खरं सांगितलं, सायकलवाला होता, काही झालं नाही, पाय टेकला त्याने. कॅप्टन ‘हं’ म्हणाले आणि फडकं घेऊन पुढची काच पुसू लागले. काच स्वच्छ होती. सकाळीच त्यांनी ती पुसलेली मी बघितली होती.

तिसऱ्या पॉइंटपर्यंत मी गुरुजींकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले, मी तिन्हींची उत्तरं रस्त्याला दिली. तिथे पोचल्यावर मी कॅप्टनना गाडीच्या मागे घेऊन गेले आणि सांगितलं की ऑफिसला फोन करा, दुसरा ड्रायव्हर मागवा, अर्ध्या तासात येईल. काय कारण सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोटात दुखतंय म्हणा.

“आज पोटात दुखतंय म्हणतो,” ते म्हणाले. “उद्या काय दुखेल?”

तीनच आठवडे राहिलेत, ते म्हणाले. हा रस्ता मी झोपेतही चालवीन. मी म्हटलं, रस्ता तुम्हाला पाठ आहे हो, रस्त्यावरची माणसं रोज वेगळी असतात. यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डावीकडे उभी होते, म्हणून त्यांना अख्खी मान वळवावी लागली. त्या मान वळवण्याने माझं मन विरघळलं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता. गुरुजींचा, सायकलवाल्याचा, कागदावर गोल काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा. ज्या दोघांचा यायला हवा होता ती दोघं सोडून.

चौथा पॉइंट म्हणजे एक मोकळं मैदान, कड्याला लोखंडी कठडा आणि गाड्या लावायला खडीची जागा. वारा इतका की टोप्या सांभाळाव्या लागतात. वीस मिनिटांनी मी शिट्टी वाजवली, माणसं परत आली, आणि मी गाडीत मोजणी सुरू केली. मोजायची माझी जुनी सवय आहे. मधल्या वाटेने मागे जायचं आणि प्रत्येक सीटच्या पाठीवरच्या दांड्याला हात लावत जायचं. एक, दोन, तीन. माणूस दिसलं की हात. तिकडे नजर आणि तिकडेच हात, म्हणजे चूक होत नाही.

हात अंगठीचा होता.

हे मला आज लिहिताना स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसलं नाही. इतके दिवस मी कॅप्टननी इंजिन सुरू करायच्या आत मोजायचे. त्या दिवशी आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला होता, त्यांनी इंजिन सुरू करून ठेवलं होतं, आणि मी मागे जाताना एका दांड्यावर अंगठी वाजली. एकदा. पुढे बसलेल्या माणसाने काय समजायचं? डावीकडे मोकळं आहे, जा.

मी एकोणीसपर्यंत आले होते. पिवळी टोपी आणि तिची आई मोजायची राहिली होती. बाई कठड्याजवळ उभी राहून फोनवर बोलताना मला काचेतून दिसली. गाडी हलली. खडीवर चाकं करकरली आणि पुढचं तोंड डावीकडे वळायला लागलं. मी बाईच्या बाजूला मुलगी शोधली, तिथे नव्हती. मग पुढे दाराकडे येत खाली बघितलं. दाराच्या थोडं पुढे, डाव्या चाकाच्या अगदी पुढ्यात, पिवळी टोपी. पोर उकिडवी बसून खडीतले पांढरे दगड वेचत होती.

मी “थांबा” म्हणून ओरडले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी ओरडले नव्हते. कॅप्टनचा पाय ब्रेकवर बसला तो मला माझ्या दातांत जाणवला. मी धावत खाली उतरले. चाक आणि ती टोपी यांच्यात माझी वीत बसली असती. पोरीने वर बघितलं आणि मला मूठ उघडून दाखवली. चार दगड होते. तिला काहीच कळलं नव्हतं. मागून तिची आई आली, उशीर झाल्याबद्दल माझी माफी मागितली आणि मुलीला रागावली की केव्हाची हाका मारतेय, ऐकू येत नाही का तुला. मी म्हटलं, असू दे, असू दे. तिला उचलून मी स्वतः गाडीत ठेवलं. तिचं वजन हातांना कितीतरी वेळ जाणवत राहिलं.

“काय होतं?” कॅप्टननी हळूच विचारलं.

“पिशवी,” मी म्हटलं. “कुणाची तरी पिशवी राहिली होती चाकापुढे.”

या वेळी त्यांनी उलट विचारलं नाही. पिशवीवर त्यांना विश्वास ठेवायचा होता आणि मी तो त्यांना दिला. खरं सांगितलं असतं तर ते तिथेच कोसळले असते, एवढंच मला दिसत होतं. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना एकदाच बघितलंय, आणि पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. त्यासाठी मी एकवीस माणसांना त्या गाडीत बसू दिलं. याला प्रेम म्हणतात की काय म्हणतात, मला ठाऊक नाही. लाज वाटते, एवढं नक्की.

पाचव्या पॉइंटकडे जाताना मी डावीकडची नजर काढली नाही. तोंडातून काय बोलत होते देव जाणे. बेटाला मी बंदर म्हटलं आणि बंदराला दीपगृह. गुरुजी दुरुस्त करत गेले, मी तुमचंच बरोबर म्हणत गेले. डोक्यात एकच चाललं होतं, की आता फक्त उतरायचं राहिलं. उतरलं की संपलं. घरी जाऊन बोलू.

पण उतरणं सगळ्यांत वाईट होतं हे मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. चढताना डावीकडे निदान कठडा आणि समुद्र असतो, माणसं क्वचित. उतरताना डावीकडे वस्ती. घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात. दोन घरांमधून पायऱ्या येतात आणि त्या पायऱ्यांवरून मुलं, म्हाताऱ्या, भाजीच्या पिशव्या सरळ गाडीपुढे येतात. त्यात त्या वेळी सूर्य बरोबर काचेत असतो. जे समोरचं दिसतं तेही निम्मंच दिसतं. रोज तो उतार संपून चौक आला की माझा जीव भांड्यात पडायचा. रोज, म्हणजे दोन महिने.

पाचव्या पॉइंटला मोठ्या दुर्बिणीचं एक दुकान आहे. आमची मुलगी तिथे खिडकीत बसते, कॉलेज सांभाळून, दुपारची. वीस वर्षांची आहे. नाक बापाचं, जीभ माझी. सहाला तिची सुटी होते, म्हणजे आमची गाडी निघायच्या वेळेलाच.

लोकांनी सूर्याचे फोटो काढले, दुर्बिणीतून पलीकडचं बेट बघितलं, परत गाडीत येऊन बसले. या वेळी मी हात खिशात घालून मोजलं. दोनदा मोजलं. एकवीस. पिवळी टोपी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती. कॅप्टननी इंजिन सुरू केलं. मी दार ओढणार तेवढ्यात आमची मुलगी धावत आली आणि तिने पायरीवर पाय ठेवला. तिची मैत्रीण आज आली नव्हती, स्कूटर नव्हती, म्हणून ती आमच्याबरोबर खाली येणार होती.

“नको,” मी म्हटलं.

विचार न करता म्हटलं. गरम तव्याला हात लागल्यावर तो जसा मागे येतो तसं ते तोंडातून आलं.

का नको, तिने विचारलं. गाडी भरली आहे, मी म्हटलं. तिने आत डोकावून बघितलं आणि मागची सीट रिकामी असल्याचं दाखवलं. इथे गुरुजींना मदत करावीशी वाटली. आम्ही एकवीसच आहोत, ते म्हणाले, मी मोजलंय, मुलीला येऊ द्या, आमची काही हरकत नाही. दोनतीन जण हसलेही. मला गुरुजींच्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटलं.

मी म्हटलं, नियम आहे, कामावरच्या माणसांनी घरची माणसं गाडीत घ्यायची नाहीत.

“कसला नियम?” ती म्हणाली. “दोन महिने झाले, विचारलं की तू काहीतरी नवीन काढतेस. आणि परवा तू माणसं गोळा करायला गेली होतीस तेव्हा मी बाबांना विचारलं, तर तेही हेच म्हणाले. नियम आहे. झालंय काय तुम्हाला दोघांना?”

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी मान वळवली, पूर्ण, आणि माझ्याकडे बघितलं.

याबद्दल आम्ही कधी एक अक्षर बोललो नव्हतो. अंगठी किती वेळा वाजवायची हे ठरलं होतं, कुणाला काय सांगायचं ते ठरलं होतं, पण पोरीला गाडीत घ्यायचं नाही हे कुणीच ठरवलं नव्हतं. मला वाटत होतं की ती सबब माझी एकटीची आहे. त्यांना वाटत होतं त्यांची एकट्याची. हा रस्ता झोपेतही चालवीन म्हणणारा माणूस स्वतःच्या मुलीला त्या रस्त्यावरून न्यायला तयार नव्हता. आणि मी ती मूठभर दगडांची पोर उचलून परत त्याच गाडीत ठेवली होती.

इंजिन चालू होतं. मागून कुणीतरी निघायचं का म्हणून विचारलं.

“तू तिला नको का म्हणतेस?” कॅप्टन म्हणाले. अगदी हळू, घरात चहा मागतात त्या आवाजात.

“तुम्ही का म्हणालात?” मी म्हटलं.

ते समोर सूर्याकडे बघत बसले. मग त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती गरम होती. ते उठले, सीटच्या कडेला धरून माणसांकडे वळले आणि माईकसाठी हात पुढे केला. चोवीस वर्षांत त्यांनी माईक हातात घेतला नव्हता. बटण कुठे आहे तेही त्यांना माहीत नव्हतं, ते मी दाबून दिलं.

ते म्हणाले की मला डाव्या बाजूचं दिसत नाही. दोन महिने झाले. मी गाडी चालवायला नको होती. आता खाली ऑफिसला कळवतो, दुसरा ड्रायव्हर येईल, तोपर्यंत तुम्हाला इथे थांबावं लागेल. आणि मग, बहुतेक पुढे काय म्हणायचं ते न सुचून, त्यांनी माफी मागितली आणि माईक माझ्याकडे परत दिला.

सगळे एकदम बोलू लागले. मोठ्या कुटुंबातला एक माणूस उभा राहून पोलिसांचं नाव घेऊ लागला, चार मैत्रिणींपैकी एक रडायला लागली, कुणीतरी आपला फोन कॅप्टनच्या तोंडासमोर धरून त्यांचं चित्रण करू लागलं. गुरुजींनी वही मिटली आणि आपली बॅग घेऊन मुकाट्याने खाली उतरले. कॅप्टन उभेच होते. हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या माणसासारखे. आमची मुलगी अजून पायरीवरच होती, एक पाय वर, एक खाली. ती फक्त “बाबा” म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. डावा. तिने हात धरला तेव्हा ते दचकले, कारण ती तिथे आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. मला वाटतं, तिला तेव्हा खरं कळलं.

मालकांना फोन मीच केला. दोन वाक्यांत सांगितलं. ते ड्रायव्हर पाठवतो एवढंच म्हणाले.

फोन ठेवला तर समोर पिवळ्या टोपीची आई उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली, टोपी घसरून कानावर आलेली. बाई आरडाओरडा करत नव्हती. ती काहीतरी जुळवत होती, आणि ते जुळत गेलं तसतसा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

“मागच्या ठिकाणी तुम्ही थांबा म्हणून ओरडलात,” ती म्हणाली. “खाली धावत आलात. हिला उचललंत. ती चाकापुढे होती ना?”

कॅप्टननी मान माझ्याकडे वळवली. पिशवी होती ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. अजूनही मी ‘नाही’ म्हटलं असतं तर तेवढ्यापुरतं त्यांना वाचवलं असतं.

“हो,” मी म्हटलं. “चाकापुढेच होती.”

ते खाली बसले. सीटवर नाही, गाडीच्या पायरीवर. मुलगीही त्यांच्या शेजारी बसली.

बाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. “त्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “पण तुम्हाला सगळं दिसत होतं. तुम्हाला माहीत होतं ना?”

कॅप्टन खालून म्हणाले की तिचा काही दोष नाही, मीच तिला गप्प बसायला लावलं. मी त्यांना हाताने थांबवलं. इतके दिवस डावीकडचं मी बघत होते, हे उत्तर माझंच होतं.

“मला माहीत होतं,” मी तिला सांगितलं. “म्हणून तर माझ्या मुलीला मी बसू दिलं नाही.”